प्रस्तावना : ऊसतोडीच्या गावातील मूल

ग्रामविकास आणि बालशिक्षण या दोन विषयांची दफ्तरे सरकारी कचेरीत निरनिराळ्या कपाटांत असतात. त्यांचे अधिकारी निराळे, त्यांचे अनुदान निराळे आणि त्यांच्या बैठकांचे वारही निराळे. परंतु ज्या मुलासाठी हा सारा खटाटोप चालावयाचा ते मूल मात्र एकाच घरात, एकाच चुलीपाशी वाढत असते, आणि पावसाळा सरल्यावर त्या चुलीवर काय शिजणार यावरच, कार्तिकात ते गावच्या शाळेच्या हजेरीपटावर दिसणार की परजिल्ह्यातील उसाच्या फडावर, हे ठरून जाते. पुढील पानांत परतूर आणि मंठा या तालुक्यांतील काही शिक्षकांनी व अंगणवाडी सेविकांनी जे लिहिले आहे ते या एकाच गोष्टीभोवती फिरते. म्हणून या लेखनाकडे वळण्यापूर्वी या प्रदेशाची, येथील शिक्षणाच्या पूर्वपीठिकेची आणि अन्यत्र झालेल्या काही थोर प्रयत्नांची ओळख वाचकास करून द्यावी, एवढ्याच हेतूने मी ही प्रस्तावना लिहीत आहे. ती लांबली आहे, पण विषयच असा आहे की थोडक्यात आटोपता येऊ नये.

परतूर हे दुधना नदीच्या खोऱ्यातील तालुक्याचे ठिकाण असून मनमाड-सिकंदराबाद लोहमार्गावरील स्थानक आहे. १ मे १९८१ रोजी जालना जिल्हा अस्तित्वात आला, तोवर हा तालुका परभणी जिल्ह्याचा भाग होता. जमीन बव्हंशी काळी, कापसाची आणि ज्वारीची. अलीकडे सोयाबीनने पुष्कळ रान व्यापले आहे. पाऊस वेळेवर आला तर ही जमीन उदार आहे, आणि न आला तर तिच्याइतकी निष्ठुर दुसरी नाही. पैठणच्या नाथसागराचा डावा कालवा जालना जिल्ह्यातून परभणीकडे जातो, निम्न दुधना प्रकल्पाचा जलाशयही याच टापूत पसरला आहे. तथापि कालव्याच्या आणि जलाशयाच्या उंचीवर राहिलेली गावे व तांडे यांच्या वाट्याला अद्यापि आकाशाकडे पाहणेच आले आहे. हे तांडे बंजारा समाजाचे. गावातील भूमिहीन आणि अल्पभूधारक कुटुंबांप्रमाणेच या तांड्यांवरील माणसेही दसरा-दिवाळीच्या सुमारास साखर कारखान्यांच्या वाटेला लागतात, आणि उन्हाळा तोंडावर आला म्हणजे परततात.

निजामी अमदानीत या मुलुखात शिक्षणाची स्थिती काय होती हे आजच्या तरुण वाचकास ठाऊक असण्याचा संभव कमी. राज्याचा कारभार उर्दूतून चाले, वरच्या शिक्षणाचे माध्यमही उर्दूच असे, आणि मराठी माध्यमाची खासगी शाळा काढावयाची तर सरकारची परवानगी लागे, जी सहजासहजी मिळत नसे. असे असूनही औरंगाबादेस सरस्वती भुवन उभे राहिले, हिप्परग्यास राष्ट्रीय शाळा चालली, आणि त्या शाळेत अध्यापन करणारे स्वामी रामानंद तीर्थ पुढे हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे अग्रणी झाले. मराठवाड्यात शाळा काढणे हे त्या काळी राजकीय धैर्याचे कृत्य होते, आणि म्हणूनच येथील जुन्या शिक्षणसंस्थांविषयी लोकांच्या मनात नुसता आदर नाही, ममत्व आहे. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामी हुकूमत संपली. पुढे दोनच वर्षांनी, १९५० मध्ये, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे महाविद्यालय औरंगाबादेस सुरू केले, ते ह्या प्रदेशाचे मागासलेपण पाहूनच. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आला. ज्या मुलुखाने एका पिढीच्या अवधीत इतक्या राजवटी पाहिल्या, त्याच्या खेड्यातील शाळेचे छप्पर मात्र बराच काळ देवळाचे किंवा चावडीचेच राहिले.

राज्यघटनेने चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व बालकांस दहा वर्षांच्या आत मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याची आकांक्षा बाळगली होती. म्हणजे ती १९६० पर्यंत पुरी व्हावयाची होती. त्याच सुमारास, २ ऑक्टोबर १९५२ पासून, सामूहिक विकास कार्यक्रम देशात सुरू झाला. ग्रामसेवक, विकासगट, बी-बियाणे, विहिरी, रस्ते, प्रौढशिक्षण असा त्याचा विस्तार होता, आणि खेड्याचा विचार तुकड्यातुकड्यांनी न करता समग्र करावा ही त्यामागील कल्पना निःसंशय योग्य होती. परंतु योजना वरून आली, गावाने ती स्वीकारली, आणि गावातही ज्यांच्यापाशी जमीन होती त्यांनी ती अधिक स्वीकारली. १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा अस्तित्वात येऊन प्राथमिक शाळा त्यांच्याकडे आल्या, तेव्हा शाळा गावोगाव पोहोचली हे खरेच, आणि तिचे ऋण आम्ही मराठवाड्यातील माणसांनी कधी विसरू नये. पण शाळेने पाऊल टाकले ते गावाच्या वेशीपर्यंत. वेशीच्या पलीकडे जो तांडा होता, जी वस्ती होती, त्यांच्या जगण्याचे वेळापत्रक शाळेच्या वेळापत्रकाशी जुळते की नाही, हे कोणी विचारले नाही.

हा प्रश्न महाराष्ट्रात सर्वांत आधी, आणि माझ्या मते सर्वांत प्रामाणिकपणे, विचारला तो दोन स्त्रियांनी, आणि तो मराठवाड्यात नव्हे तर तेव्हाच्या ठाणे जिल्ह्याच्या समुद्रकाठी. ताराबाई मोडक यांचा जन्म १८९२ चा. भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका यांच्या सहवासात त्यांनी बालशिक्षणाचा अभ्यास केला, आणि १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन होऊन माँटेसोरीबाईंच्या पद्धतीचा प्रचार होऊ लागला. पण ती पद्धत शहरातील सुखवस्तू घरांच्या मुलांपुरतीच राहणार, तिची साधने महाग आणि तिचे वातावरण परके, ही खंत ताराबाईंना होती. १९४५ च्या अखेरीस त्यांनी बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र काढले, आणि त्यांच्यासोबत तेथे आल्या अनुताई वाघ. बालवयातच लग्न होऊन काही महिन्यांत वैधव्य आलेल्या, पुढे जिद्दीने शिकून शिक्षिका झालेल्या या बाईंनी बोर्डीला जे पाऊल ठेवले ते पुढील सारे आयुष्य त्या परिसरास वाहण्यासाठीच.

बोर्डीच्या कामाकडे जरा निरखून पाहिले पाहिजे, कारण पुढील पानांतील पुष्कळशा गोष्टींचे मूळ तेथे आहे. बालवाडी उघडली, पण वारली आदिवासींच्या पाड्यावरील मुले तेथे येईनात. धाकटे भावंड सांभाळायचे, शेरडे-गुरे राखायची, आईबाप मजुरीला गेले म्हणजे घर पाहायचे, हा त्यांचा दिवस. तेव्हा मुलांना शाळेत आणण्याचा आग्रह सोडून या बाई स्वतःच पाड्यावर जाऊ लागल्या. कोणाच्या तरी झोपडीसमोरचे अंगण झाडून घ्यायचे, मुलांचे तोंड-हातपाय धुवायचे, केस विंचरायचे, नखे काढायची, आणि मग तेथेच शंख-शिंपले, बिया, पाने, माती, काड्या यांच्या साहाय्याने मोजणे, रंग ओळखणे, गाणे, गोष्ट. हीच अंगणवाडी. जी मुले गुरांमागे रानात जात त्यांच्यासाठी शिक्षक कुरणावर जाऊ लागला; गुरे चरत असताना झाडाखाली वर्ग भरे, आणि त्याचे नाव कुरणशाळा पडले. दिवसा राबणाऱ्यांसाठी रात्रीची शाळा होती. १९५७ मध्ये हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेले, तेथे पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणणारी विकासवाडीची कल्पना साकार झाली. थोरल्या बहिणीने धाकट्याला पाळणाघरात ठेवावे आणि स्वतः शेजारच्या वर्गात बसावे, इतकी ती साधी होती. गावातील चार विद्वानांच्या परिषदेत हा उपाय कोणाला सुचला नसता; तो सुचला, कारण कडेवर भावंड घेऊन दारात उभी राहणारी मुलगी त्यांनी रोज पाहिली होती.

याच ठाणे जिल्ह्यात, आणि नेमक्या याच १९४५ साली, गोदावरी परुळेकर वारल्यांच्या वेठबिगारीविरुद्ध लढा उभारीत होत्या. एकीकडे मजुरीचा आणि माणुसकीचा प्रश्न, दुसरीकडे मुलाच्या वाढीचा आणि अक्षराचा प्रश्न; दोन्ही कामे एकाच भूमीवर, त्याच लोकांमध्ये चालली होती. मला नेहमी वाटत आले आहे की या दोन प्रवाहांचा एकत्र इतिहास कोणी लिहावयास हवा होता, कारण ज्याच्या बापाची वेठ सुटली नाही त्या मुलाला कुरणशाळा अपुरी पडते, आणि ज्याची वेठ सुटली पण अक्षर आले नाही त्याला नवा सावकार गाठतोच. ताराबाई १९७३ मध्ये निवर्तल्या आणि अनुताई १९९२ मध्ये. मधल्या काळात, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना देशातील ३३ प्रकल्पांत सुरू केली, आणि पाड्यावरच्या त्या अंगणाचे नाव देशभरच्या सरकारी योजनेला मिळाले. आज परतूर तालुक्यातील तांड्यावर जी अंगणवाडी भरते, तिच्या सेविकेला हा वारसा कोणी सांगितलेला असो वा नसो, ती त्याचीच वारसदार आहे.

या ठिकाणी दूरच्या एका देशाचा उल्लेख मला आवश्यक वाटतो. इथिओपिया म्हटले की आपल्या वाचकास दुष्काळाची छायाचित्रे आठवतात. पण मराठवाड्याचा आणि त्या देशाचा ऋणानुबंध त्याहून कितीतरी जुना आहे. खडकी, म्हणजे पुढचे औरंगाबाद, वसविणारा आणि तेथे नहरीने पाणी आणणारा मलिक अंबर हा इथिओपियात जन्मलेला, बालपणीच गुलाम म्हणून विकला गेलेला हबशी होता. त्याच्या जमाबंदीची आठवण दख्खनच्या महसुली इतिहासात आजही काढली जाते. एका गुलाम मुलाला कोणी लिहावयास-वाचावयास शिकविले, आणि त्याचे फळ एका परक्या मुलुखाला मिळाले. त्या देशातील अफार, बोराना आदी पशुपालक समाजांचे प्रश्न तर आपल्या तांड्यांच्या प्रश्नांशी विलक्षण जुळतात. गुरे घेऊन पाण्याच्या आणि चाऱ्याच्या शोधात फिरणाऱ्या या लोकांच्या मुलांसाठी तेथे पर्यायी मूलभूत शिक्षणाची केंद्रे निघाली; शिकविणारा त्याच समाजातील तरुण, वर्गाच्या वेळा गुरे चारण्याच्या वेळा सोडून ठरविलेल्या, आणि काही भागांत शाळाच लोकांबरोबर हलणारी. १९७९ मध्ये तेथे जी राष्ट्रीय साक्षरता मोहीम निघाली ती एका राजभाषेचा अट्टहास न धरता १५ भाषांतून चालली. बोर्डीच्या कुरणावर ज्या तत्त्वाचा शोध लागला तेच तत्त्व हजारो कोसांवरील कुरणावर, दुसऱ्या माणसांना, दुसऱ्या कारणाने सापडावे, हे मला फार आश्वासक वाटते.

आता आपल्या मुलुखाकडे परतू. १९७२ च्या दुष्काळाने मराठवाड्याच्या खेड्याची घडी मोडली. खडी फोडण्याच्या कामावर बाया-माणसे आणि त्यांच्या शेजारी उन्हात बसलेली मुले, आणि त्या मुलांच्या हातातील सुकडी, हे दृश्य त्या पिढीच्या डोळ्यांपुढून अजून हललेले नाही. रोजगार हमीचा कायदा त्याच अनुभवातून आला आणि १९७९ पासून अमलात आला. पाझर तलाव, नालाबंडिंग, रस्ते यांची कामे निघाली. पण कामाची हमी असली तरी ते काम ज्या दिवशी हवे त्या दिवशी निघेलच आणि मजुरी ज्या आठवड्यात हवी त्या आठवड्यात हाती पडेलच अशी खात्री माणसाला वाटली नाही. उलट ऊसतोडीचा मुकादम दारात येऊन हंगामाआधीच रोख उचल देत होता. ज्याला मुलीचे लग्न काढायचे आहे, आजारपणाचे देणे आहे, किंवा नुसते पुढील चार महिने धान्य भरायचे आहे, त्याने कोणाकडे वळावे? सहकारी साखर कारखानदारीचा विस्तार पश्चिम महाराष्ट्रात होत गेला तसा बीड, जालना, परभणी या दुष्काळी पट्ट्यातून तोडणी मजुरांचा ओघही वाढत गेला. जालना जिल्ह्यातही साखर कारखाने आहेत, अंकुशनगरचा समर्थ कारखाना तर अंबड तालुक्यातच आहे; तरीही येथील अनेक टोळ्या सांगली-कोल्हापूरकडे आणि थेट कर्नाटकाच्या सरहद्दीपलीकडे जातात, कारण उचल देणारा मुकादम जेथे नेईल तेथे जावे लागते.

या व्यवसायात मजूर माणशी मोजला जात नाही, जोडीने मोजला जातो. नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि एकटा असेल तर अर्धा कोयता. पहाटे अंधारातच फडात जायचे, ऊस तोडायचा, पाचट काढायचे, मोळ्या बांधायच्या, त्या डोक्यावरून वाहून गाडीत रचायच्या, आणि उरलेले वाढे विकून मीठमिरचीची सोय पाहायची. वाहन रात्री आले तर भरणी रात्रीच. मजुरी टनावर, आणि ती उचलीत वळती होत जाणारी. हंगामाअखेर फिटली नाही तर उरलेली बाकी पुढील वर्षाच्या मानगुटीवर. या हिशेबात मुलाला जागा नाही, परंतु मुलाच्या श्रमाला आहे. कोपी, म्हणजे मुक्कामाची झोपडी, राखणे, पाणी आणणे, भाकरी थापणे, धाकट्याला झोळीत झोपविणे ही कामे थोरल्या मुलीची. ती तेरा-चौदा वर्षांची झाली की तिच्या लग्नाची घाई होते; लेकीला कोपीत एकटी ठेवण्याचे भय एका बाजूला, आणि लग्न झाले म्हणजे नवा पूर्ण कोयता तयार होतो हा विचार दुसऱ्या बाजूला. मुलीचे वय १८ असले पाहिजे असे कायदा सांगतो. पण या जिल्ह्यांतील बालविवाहांचे मूळ केवळ रूढीत शोधणाऱ्यांनी हा हंगामाचा हिशेब एकदा मांडून पाहावा.

टोळी निघण्याच्या दिवशी मी एका तांड्यावर होतो. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत पत्र्याच्या पेट्या, पिठाचे डबे, गोधड्यांची गाठोडी, हंडे, बांबू आणि कोपीची ताडपत्री रचून झाली होती. कडेला खुराड्यात चार कोंबड्या, आणि वर बसण्यापुरती जागा. शाळेचे गुरुजी हजेरीपट काखेत घेऊन उभे होते. चौथीतील एक मुलगी दप्तर पाठीला लावून आणि वर्षाचा भाऊ कडेवर घेऊन ट्रॉलीजवळ आली, तेव्हा गुरुजी तिच्या आईला म्हणाले, हिला तरी आजीपाशी ठेवा, जेवणाची सोय शाळेत होणार आहे. त्यावर ती बाई शांतपणे म्हणाली, "हिला ठिवलं तर ह्याला फडात कोण बघंल, सर? आन् म्हातारीला आता दिसत न्हाई." गुरुजींनी पुढे काही म्हटले नाही. त्यांनी दप्तरातील पुस्तके तिच्याकडेच राहू दिली, परगावच्या शाळेत प्रवेश मिळावा म्हणून असलेले शिक्षण हमी कार्ड आईच्या हाती दिले, आणि ज्या गावी ती टोळी उतरणार होती तेथील शाळेच्या मुख्याध्यापकांचा दूरध्वनी क्रमांक त्या कार्डाच्या मागे लिहून दिला. शिक्षक उदासीन असतात, पालक अडाणी असतात, असे जे सर्रास बोलले जाते ते ज्यांना खरे वाटते त्यांनी हा प्रसंग मनात ठेवून पुढील लेख वाचावेत.

या प्रश्नावर आजवर दोन उपाय झाले. एक साखरशाळेचा : मूल जेथे जाईल तेथे शाळा न्यायची. औरंगाबादच्या जनार्थ या संस्थेने कारखान्यांच्या तळांवर अशा शाळा चालवून दाखविल्या, आणि कोपीत वाढणाऱ्या मुलाकडे राज्याचे लक्ष वेधण्याचे श्रेय अशा प्रयत्नांना दिलेच पाहिजे. दुसरा उपाय हंगामी वसतिगृहाचा : आईबाप गेले तरी मूल गावातच राहावे, त्याच्या सकाळ-संध्याकाळच्या जेवणाची व्यवस्था शाळा व्यवस्थापन समितीने पाहावी, आणि त्याने आजी-आजोबांच्या वा नातलगांच्या घरी झोपावे. १ एप्रिल २०१० पासून सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक बालकाचा शिक्षणाचा हक्क कायद्याने मान्य झाल्यावर या दोन्ही उपायांना नैतिक बळाबरोबर कायद्याचेही बळ आले. पुढे लोकनेते गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने ऊसतोड कामगारांसाठी महामंडळ स्थापन झाले आणि संत भगवानबाबांच्या नावाची वसतिगृहयोजना ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहांसाठी आखली गेली, ही आनंदाची गोष्ट आहे.

या दोहोंत माझा कौल हंगामी वसतिगृहाला आहे, आणि त्याचे कारण स्पष्ट सांगतो. परगावच्या तळावर मूल कोणाचेच नसते. तेथील ग्रामपंचायतीला ते आपले वाटत नाही, तेथील शाळेला ते हंगामापुरते पाहुणे वाटते, आणि टोळी एका फडावरून दुसऱ्यावर हलली की शिक्षकाला पत्ताही लागत नाही. गावातील मूल मात्र सर्वांचे असते. ते दोन दिवस दिसले नाही तर किराणा दुकानदारही विचारतो. परंतु या व्यवस्थेला दोन उणिवा आहेत. पहिली अशी की तिची मंजुरी पुष्कळदा टोळ्या निघून गेल्यावर येते, आणि ट्रॉलीत बसलेले मूल मंजुरीच्या कागदाने उतरत नाही. दुसरी अशी की ती व्यवस्था शाळेत जाणाऱ्या मुलासाठी आहे. वर्षाच्या भावासाठी नाही. जोवर त्या तान्ह्याची सोय होत नाही, तोवर चौथीतील बहीणही सुटत नाही. कोसबाडला पाळणाघर आणि शाळा एका आवारात का आणली गेली, याचे मर्म येथे उलगडते. आणि आमच्या तळांवर व फडांवर पाळणाघरे का हवीत, याचेही.

तांड्यावरील मुलाची आणखी एक अडचण आहे, ती भाषेची. घरी आईला याडी म्हणणारे, बंजारांच्या गोरबोलीत हसणारे-रडणारे मूल पहिलीच्या वर्गात बसते आणि पुस्तकाची मराठी त्याच्या कानावरून निघून जाते. शिक्षकाला वाटते मूल मंद आहे, आणि मुलाला वाटते शाळा आपली नाही. त्यात मधले सहा महिने फडावर गेले की जे थोडे जमले होते तेही पुसले जाते. पुढील लेखांपैकी एकात तांड्यावरच्याच एका अंगणवाडी सेविकेने, मुलांच्या आज्यांकडून गोरबोलीतील गाणी व कोडी गोळा करून त्यांवरून मराठी अक्षरओळखीपर्यंत मुलांना कसे नेले, हे सविस्तर लिहिले आहे. त्या लेखाची भाषा ओबडधोबड असली तरी संपादकांनी तिला हात लावला नाही, हे योग्यच केले.

आणि शेवटी पाणी. शिक्षणाच्या पुस्तकाच्या प्रस्तावनेत पाणलोटाचा विषय अप्रस्तुत वाटेल, परंतु माझ्या दृष्टीने तो मुख्य आहे. जालना तालुक्यातील कडवंची या गावात १९९६ पासून इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमाखाली मराठवाडा शेती साह्य मंडळाने काम उभे केले. माथ्यापासून पायथ्यापर्यंत बांधबंदिस्ती, समतल चर, नाल्यांवरचे बंधारे, आणि त्याबरोबर गावाने स्वतःवर घालून घेतलेली चराईबंदी, कुऱ्हाडबंदी व श्रमदानाची शिस्त. पुढे शेततळी आली आणि कोरडवाहू शिवारात द्राक्षबागा उभ्या राहिल्या. विजयअण्णा बोराडे यांनी आणि खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राने या कामास दीर्घकाळ दिशा दिली. ज्या घराला माघ महिन्यातही आपल्या शिवारात काम आहे, त्या घराला ट्रॉली लागत नाही, आणि त्या घरातील मुलीची चौथी पुरी होते. हा संबंध सिद्ध करण्यास मोठी आकडेमोड लागत नाही.

तथापि कडवंचीचे गुणगान करून थांबणे मला मान्य नाही. पाणी मुरते ते जमिनीत, आणि जमीन ज्याची पाणी त्याचे. चराईबंदीचा पहिला भार पडतो तो दोन शेळ्यांवर जगणाऱ्या भूमिहीनावर, आणि विहिरीला पाणी वाढल्याचा पहिला लाभ होतो तो विहिरीच्या मालकाला. म्हणून पाणलोटाच्या आराखड्यात भूमिहीन कुटुंबांचा वाटा आरंभीच ठरला पाहिजे : तळ्यातील मासळी, गायरानावरील चारा, रोपवाटिका, आणि सर्वांआधी, हंगामाच्या ऐन तोंडावर, कार्तिकात व मार्गशीर्षात, रोजगार हमीची कामे. विकासाचा आराखडा करणाऱ्या अभियंत्याने आणि पटनोंदणी करणाऱ्या गुरुजींनी एका चटईवर बसून स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांची यादी समोर ठेवावी, आणि कोणत्या घराला कोणते काम गावातच देता येईल हे नावानिशी ठरवावे, ही सूचना पुढील एका लेखात एका शिक्षकाने केली आहे. इतकी व्यवहार्य सूचना मी अलीकडच्या कोणत्याही अहवालात वाचलेली नाही.

त्या सूचनेला मी एवढीच पुरवणी जोडतो. ही यादी १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत मोठ्याने वाचली जावी, म्हणजे उचल वाटली जाण्याआधी ती गावाला ठाऊक होईल. तीत तान्ह्या मुलांची आणि त्यांना सांभाळणाऱ्या बहिणींची नावे वेगळ्या रकान्यात असावीत. हंगामी वसतिगृहाची मंजुरी आणि पहिल्या महिन्याचा शिधा घटस्थापनेपूर्वी शाळेत पोहोचावा. आणि ज्या घरात आजी थकलेली आहे तेथील मुलांच्या मुक्कामासाठी तांड्यावरील एका बाईला मानधनावर नेमण्याचा अधिकार शाळा व्यवस्थापन समितीला असावा. यासाठी नवा कायदा लागत नाही. परतूरच्या पंचायत समितीत, शिक्षण, महिला-बालकल्याण आणि रोजगार हमी या तिन्ही विभागांच्या माणसांना श्रावणात एकदा एकत्र बसवावे लागेल, आणि त्या बैठकीस पुढील लेखांच्या लेखकांना निमंत्रण द्यावे लागेल.